कार्योत्तर मंजुरी

केंद्र सरकारच्या सेवकाने कादंबरी लिहिणे हा अपराध नव्हे, हे सरकारने स्वतःच लेखी मान्य केलेले आहे. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतील पंधराव्या नियमात अशी तरतूद आहे की, पदाच्या कामास बाधा येत नसेल तर सेवकास साहित्य, कला किंवा विज्ञान यांसंबंधीचे प्रासंगिक कार्य पूर्वपरवानगीवाचून करता येते. पदवी घेऊन मी या सेवेत शिरलो तेव्हा हा नियम वाचून मला झालेला हर्ष अजून आठवतो. सरकारने जणू माझ्यासाठीच एक खिडकी उघडी ठेवली होती! पुढे दहा-बारा वर्षांनी ध्यानात आले की, त्या नियमाची सारी मेख 'प्रासंगिक' या एका शब्दात आहे. कविता प्रासंगिक असू शकेल. दिवाळी अंकातला एखादा लेखही असू शकेल. पण कादंबरी हा प्रसंग नव्हे, तो संसार आहे. आणि एक संसार चालू असताना दुसरा मांडण्यास याच नियमावलीतला एकविसावा नियम आड येतो.

विनोद बाजूला ठेवतो. गेली सहा वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावाची, १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षाची ती गोष्ट आहे. सहा वर्षांत दोन बदल्या झाल्या, दोन मुले झाली, वडील गेले, आणि कादंबरीची पाने झाली एकशे चौदा. सध्या मुक्काम कलकत्त्यास. सरकारी कागदावर आणि लोकांच्या तोंडी आता कोलकाता. सकाळी नळाला पाणी असते तेवढ्यात पाणी भरायचे, थोरलीला शाळेच्या गाडीवर सोडायचे, साडेनऊला कचेरीत हजर व्हायचे. तेथे दिवसभर नस्ती. पूर्वी हिरव्या कागदावर टिपणी लिहीत, आता ती पडद्यावर लिहितात; पण 'सदर प्रकरण विचाराधीन आहे' या वाक्याचे आयुष्य कागदासोबत संपलेले नाही. सायंकाळी बसमध्ये उभा राहून घरी यायचे, बाजार, मुलीचा अभ्यास, धाकट्याची झोप. रात्री दहा वाजता वही उघडावी तर पहिले वाक्य इंग्रजीच्या वळणाचे, दुसरे हिंदीच्या आणि तिसऱ्यात चक्क बंगाली शब्द! परमुलखात राहून मराठी लिहू पाहणाऱ्यांना ही व्यथा निराळी सांगायला नको. आपली भाषा आपल्याकडे रात्री दहानंतर येते, तीही दमून.

या साऱ्यावर आपल्या मंडळींत एक ठरलेला उद्गार आहे: 'वेळच मिळत नाही हो, नाहीतर...' त्या 'नाहीतर'च्या पुढे प्रत्येकाची एक न लिहिलेली कादंबरी, न शिकलेली सतार किंवा न केलेली नर्मदा-परिक्रमा असते. मीही हा उद्गार पुष्कळ वर्षे केला. या लेखात मला तो तपासून पाहावयाचा आहे. कारण या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. वेळ नाही, ही झाली तक्रार. वेळ कोणाचा, हा झाला प्रश्न. तक्रार करण्यात आपण इतके गुंतून जातो की प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

प्रथम तक्रारीचे पाहू. नोकरीने लेखक मारला, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार फारसा मिळत नाही. माझ्या या बदलीच्या गावापासून तासाभराच्या लोकल-प्रवासावर नैहाटी आहे. तेथील कांठालपाड्यात बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांचे घर जपून ठेवले आहे. बंकिमचंद्र १८५८ साली डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले आणि १८९१ पर्यंत सरकारी नोकरीत राहिले. 'दुर्गेशनंदिनी' १८६५ ची. म्हणजे बंगाली कादंबरीचा पाया एका सरकारी अधिकाऱ्याने नोकरी सांभाळून घातला. मलयाळमचे चंदु मेनन न्यायखात्यात नोकरीला असताना त्यांची 'इंदुलेखा' १८८९ मध्ये लिहून झाली. हिंदीत श्रीलाल शुक्ल उत्तर प्रदेशाच्या प्रशासनात होते, आणि १९६८ मधील 'राग दरबारी' त्यांना जे सुचले ते त्या प्रशासनाच्या पोटात बसल्यामुळेच. मराठीत विश्वास पाटलांनी 'पानिपत' आणि 'झाडाझडती' सरकारी सेवेतच लिहिल्या. धरणग्रस्तांची जी व्यथा 'झाडाझडती'त आहे ती नस्तीच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या माणसालाच दिसावी अशी आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय भागलपूरकडे एका जमीनदारी इस्टेटीचे काम पाहत होते. तेथे 'पथेर पांचाली' लिहिली गेली, आणि त्याच नोकरीत पाहिलेल्या अरण्यातून पुढे 'आरण्यक' निघाली. नोकरीने त्यांचा वेळ घेतला हे खरे. पण अरण्यही नोकरीनेच दिले.

यावर कोणी म्हणेल, ही सारी बलदंड माणसे. दुबळ्याचे उदाहरण द्या. तर काफ्का घ्या. प्रागच्या कामगार-अपघात विमा संस्थेत तो १९०८ पासून होता. कचेरी दुपारी दोन वाजता सुटे, तरी कचेरी आपल्याला खाते असे त्याला आयुष्यभर वाटत राहिले. त्याच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, म्हणून नोकरी हा त्याचा शत्रू असे आपण सहज ठरवून टाकतो. परंतु तिसरी कादंबरी, 'द कासल', त्याने १९२२ साली लिहिली. त्या वर्षाच्या पूर्वार्धात तो आजारपणाच्या रजेवर होता आणि जुलैत त्याला निवृत्तिवेतन देऊन मोकळे करण्यात आले. हवी होती ती मोकळीक मिळाली, आणि कादंबरी तरीही अपुरीच राहिली. प्रकृती ढासळली होती हे मान्य. पण नोकरी गेली की ग्रंथ आपोआप पुरा होतो, हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही. उलट हरिभाऊ आपटे पाहा. १८९० साली त्यांनी 'करमणूक' काढले आणि आठवड्यामागून आठवडा कादंबरीचे प्रकरण छापखान्याला पुरवले. आनंदाश्रमाची व्यवस्था होतीच, पुढे पुण्याच्या नगरपालिकेचे काम आले. 'पण लक्षात कोण घेतो?' सारखी कादंबरी निवांतपणाच्या कुशीत जन्मली नाही. काही कादंबऱ्या अपुऱ्या त्यांच्याही राहिल्या, पण म्हणून त्यांनी लिहिणे पुढे ढकलले नाही.

तेव्हा तक्रार पुष्कळशी खोटी ठरते. खोटी ठरली म्हणजे मी सुटलो, असे मात्र होत नाही. उलट येथेच अडकतो. कारण वेळ काढता येतो असे एकदा सिद्ध झाले की पुढचा प्रश्न टळत नाही: तो काढावयाचा कोणाच्या वाट्यातून?

इंग्रज कादंबरीकार ट्रोलोप याचे नाव अशा चर्चेत हमखास निघते. टपालखात्यात १८३४ साली कारकून म्हणून तो शिरला आणि १८६७ पर्यंत राहिला. पहाटे साडेपाचला मेजावर बसे, घड्याळ समोर ठेवी, दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. आयुष्यात सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. हा भाग सर्वांना पाठ असतो, आणि आळशी लेखकांना लाजवण्यासाठी तो सांगितलाही जातो. त्याच आत्मचरित्रातला दुसरा भाग मात्र कोणी सांगत नाही. पहाटे त्याला उठवून कॉफी देण्यासाठी एक वृद्ध नोकर होता, आणि त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड अधिक मिळत. मालक साडेपाचला मेजावर बसे. म्हणजे म्हातारा त्याच्याही आधी उठे. ट्रोलोपचा मोठेपणा असा की, आपल्या यशाबद्दल इतर कोणाहीपेक्षा या माणसाचे ऋण कदाचित अधिक असेल, असे त्याने लिहून ठेवले. ती पहाट फुकट मिळालेली नव्हती. ती एका माणसाच्या झोपेतून आलेली होती. त्याचा मोबदला ठरला होता, आणि पुढे त्याची नोंदही झाली.

माझ्या पहाटेची नोंद कोठे आहे?

एका रविवारी मी वहीवर वाकून बसलो होतो. धाकटा खेळण्याच्या मोटारीचे निखळलेले चाक घेऊन तीनदा आला. तिन्ही वेळा मी वर न पाहता 'थांब रे' म्हणालो. चौथ्या वेळी तो आला नाही. रात्री पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही लिहायला बसता त्याला माझी कधी ना नव्हती. पण तुम्ही लिहीत नसता तेव्हाही इथे नसता." मला ते लागले, कारण ते अक्षरशः खरे होते. भाजी निवडताना मी पात्रांची नावे निवडत असे. मुलीचे पाढे ऐकताना मान हलवीत असे आणि कान मात्र १९६७ सालात असत. रोज दोन तास कादंबरीला देतो, असा माझा हिशेब होता. खरे म्हणजे मी तिला सारा दिवस देत होतो आणि घराला देत होतो केवळ हजेरी. कचेरीत हजेरीपटावर सही करून चहाला जाणाऱ्यांना आपण काय म्हणतो, ते सांगायला नकोच.

पण हे अपराध रोजचे, आणि रोजचे म्हणून पचणारे. जो पचला नाही तो सांगतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी बारा दिवसांची अर्जित रजा घेतली. गावी आई एकटी असते. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि शस्त्रक्रिया त्याच महिन्यात ठरली होती. तिने विचारले, "येशील का रं?" मी म्हणालो, "रजा मिळणं कठीण आहे, मार्चअखेरीचं काम आहे." हे वाक्य मी अगदी सहज उच्चारले. रजेचा अर्ज त्या वेळी मंजूर होऊन आलेला होता. ते बारा दिवस मी कलकत्त्याच्या घरात दार लावून बसलो आणि एक्केचाळीस पाने लिहिली. पूर्वी कधी इतकी लिहिली नव्हती, नंतरही लिहिली नाहीत. मध्ये एकदा आईने फोन पत्नीला केला. मला वाचवण्यासाठी तिलाही तेच असत्य बोलावे लागले. आईला दवाखान्यात शेजारच्या मुलाने मोटारसायकलवरून नेले. दिवसातून कितीदा डोळ्यांत थेंब घालायचे असत. ते घालायला शेजारीण येई. पट्टी सुटल्यावर आईचा फोन आला. "सरकारचं काम सोडून येऊ नगंस. डोळा काय, आज ना उद्या उघडंल," ती म्हणाली. मी ज्याच्या आड लपलो होतो, त्या सरकारी कामाबद्दल तिच्या आवाजात आदर होता.

आता प्रश्न असा: ही एक्केचाळीस पाने चांगली उतरली असतील, तर माझे कृत्य निदान अंशतः समर्थनीय ठरते काय?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाला नवा नाही. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स याने १९७६ साली 'नैतिक सुदैव' या कल्पनेवर एक निबंध लिहिला. त्यात चित्रकार गोगॅंच्या आयुष्यावरून बेतलेले एक उदाहरण आहे. बायको-मुलांना मागे ठेवून एक चित्रकार दूरच्या बेटावर जातो, कारण तेथे गेल्यावाचून आपली कला फुलणार नाही असे त्याला वाटते. विल्यम्स म्हणतो, त्याच्या निर्णयाचे समर्थन होऊ शकलेच तर ते यशानेच होईल. आणि यश येईल की नाही हे निघताना त्याला ठाऊक असू शकत नाही. चित्रे थोर झाली तर निर्णयाला काही अर्थ लाभला. नाही झाली तर तो केवळ बायको-मुले टाकून गेलेला माणूस. या निबंधाचे नाव आदराने घेणारे पुष्कळ लोक एवढ्यावरच थांबतात. परंतु विल्यम्सने पुढचे पाऊलही टाकले आहे: यश आले तरी ज्यांनी सोसले त्यांच्यापुढे ते समर्थन चालेलच असे नाही. त्यांचा दोषारोप तसाच उभा राहू शकतो.

मी तत्त्वज्ञ नव्हे. मी हिशेबाच्या शाखेतला कारकून. हा निबंध वाचताना मला आमच्या शाखेतला एक नित्याचा शब्दप्रयोग आठवला: कार्योत्तर मंजुरी. खर्च आधी करून टाकायचा आणि मंजुरी मागाहून मागायची. एका लेखाशीर्षाखालचे पैसे दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळवायचे असतील तर त्याला पुनर्विनियोजन म्हणतात, आणि ते सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशावाचून होत नाही. पैसे सत्कार्यासाठी वळवले हे त्यावर उत्तर नव्हे. औषधांच्या शीर्षातून उत्तम ग्रंथ घेतले तरी लेखापरीक्षेचा आक्षेप निघतोच. ग्रंथ उत्तम आहेत की नाहीत हा त्या आक्षेपाचा विषयच नसतो. औषधे कोणाची होती, हा असतो.

माझ्या प्रकरणात ते बारा दिवस निर्विवादपणे माझ्या एकट्याच्या शीर्षाखाली होते काय? कायद्याने होते, रजा माझी होती. पण त्यांवर आईच्या डोळ्याचा एक बोजा चढलेला होता आणि तो मला ठाऊक होता. तो बोजा मी आईला सांगून, तिची संमती घेऊन उतरवू शकलो असतो. 'आई, रजा आहे, पण ती मला लिहिण्यासाठी हवी आहे,' एवढेच वाक्य होते. ते मी बोललो नाही, कारण ती 'नको' म्हणेल अशी भीती होती. आणि त्याहूनही मोठी भीती अशी की ती 'बरं' म्हणेल. मग त्या 'बरं'चे ओझे घेऊन लिहिता आले नसते. असत्य बोललो ते आईला दुखवू नये म्हणून नव्हे. मला मोकळ्या मनाने लिहिता यावे म्हणून मी असत्य बोललो. हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

यावर काही आक्षेप संभवतात; त्यांतले दोन मला वजनदार वाटतात.

पहिला आक्षेप असा की, आपली परंपराच माणसावर अनेक ऋणे सांगते. देवऋण, पितृऋण, तसे ऋषिऋण. पूर्वसूरींनी जे दिले त्यात आपली भर घालणे हेही कर्तव्यच. मग लेखनासाठी संसाराकडे थोडे दुर्लक्ष झाले तर एक ऋण फेडण्यासाठी दुसरे थकले, एवढेच म्हणावे. मला हे मान्य आहे, पण यातून जेवढे निघते तेवढेच मान्य आहे. एका सावकाराचे पैसे थकवून दुसऱ्याचे फेडले तर पहिल्याचे ऋण नाहीसे होत नाही. ते थकीत म्हणून राहते आणि त्यावर व्याज चढते. तुकोबांच्या घरातली उपासमार आपण भक्तीने आठवतो. पण तिचा मोठा वाटा जिजाईने उचलला, आणि कर्कशा म्हणून शतकानुशतके नाव झाले तेही तिचेच! अभंगांचे मोल तिने दिले. आणि पुढल्या पिढ्यांनी पावती फाडली ती तुकोबांच्या नावे.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. संमती मागायची म्हटले तर ती मिळेलच असे कोठे आहे? घरोघर संमती मागत बसले असते तर जगातले अर्धे साहित्य लिहिले गेले नसते. विशेषतः स्त्रियांना ही मंजुरी कोणी दिली होती? व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिले की, लिहू पाहणाऱ्या स्त्रीला वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी. आपल्याकडे खोली सोडाच, जात्यापासचा कोपराही सामाईक होता. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात राबता राबता त्यांनी रचले, इतरांनी टिपून घेतले, आणि ते पुस्तकरूपाने आले १९५२ साली, त्या गेल्यानंतर. त्यांना एक तासही मंजूर झालेला नव्हता, म्हणून त्यांनी कामाच्या पोटातच कविता वसवली. ओवी जात्याच्या फेऱ्यात मावते. कादंबरी मात्र मावत नाही. ती सलग वेळ मागते, दार लावून मागते. म्हणूनच आमच्या आज्या-पणज्यांच्या कादंबऱ्या आपल्यापाशी नाहीत. त्या त्यांना सुचल्या नसतील, असे मला मुळीच वाटत नाही.

या आक्षेपाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. मंजुरी नाकारली गेली आणि तरीही लिहावेच लागले, अशी वेळ माणसावर येऊ शकते. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, त्या वेळीही खर्च लपवू नये. नाकारलेली गोष्ट उघडपणे करणारा माणूस समोरच्याच्या रागाला सामोरा जातो; निदान त्याला रागावण्याचा हक्क तरी ठेवतो. लपवणारा तोही काढून घेतो. आईला मी बारा दिवस नाकारले, याहून वाईट गोष्ट ही की, मी ते नाकारले हे तिला कळूही दिले नाही.

या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी तिला सारे सांगितले. पणत्या विझत आल्या होत्या. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मग वाच की. बघू तरी काय लिव्हलंस."

मी वाचू लागलो. एक्केचाळीस पानांचा आरंभ असा होता: डिसेंबरची पहाट, शाळवाची मळणी होऊन खळ्यावर रास पडलेली, राखणीला आजोबा खळ्यावरच झोपलेले, आणि तेवढ्यात धरणी हलते. आजोबा भूकंपात खळ्यावर झोपले होते, हे लहानपणापासून घरात ऐकलेले. आईने मला दुसऱ्याच पानावर थांबवले. भूकंप झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिचे माहेर आमच्या गावापासून दोन कोसांवर.

"आरं, तवा शाळू रानात हुभा हुता," ती म्हणाली. "मळणी फाल्गुनात. डिसेंबरात खळ्यावर रास कुठनं आनलीस? खळ्यावर झोपल्याली मानसं भूकंपाच्या फुडं. घरात जायाची भ्या वाटायची, म्हून समदं गाव महिनाभर उघड्यावर."

ऐकता ऐकता माझी मान खाली गेली. खळे खरे होते, झोपणे खरे होते. क्रम मात्र उलटा होता. लोक धान्य राखायला बाहेर झोपले नव्हते, ते घराच्या भिंतींना भिऊन बाहेर आले होते. आरंभीच्या प्रकरणाचा पायाच त्यामुळे कोसळला. आणि फेब्रुवारीत, मी कलकत्त्याला दार लावून शाळवाची मळणी लिहीत होतो त्याच दिवसांत, गावी खराखुरा शाळू काढणीला आलेला होता, आणि हे सारे जाणणारी बाई डोळ्याला पट्टी बांधून पडून होती, बोलायला कोणी नसताना.

वाचकाने यावरून असा बोध घेऊ नये की, कर्तव्य केले असते तर कादंबरीही साधली असती. असा गोड निष्कर्ष काढण्याचा मोह मलाही झाला, पण तो बरोबर नव्हे. कर्तव्यात घालवलेला प्रत्येक तास कलेला परत मिळतो, हे खरे नाही. पाण्याच्या रांगेतले, दवाखान्याच्या बाकावरचे, बदलीच्या सामानाच्या बांधाबांधीतले कितीतरी तास माझ्या कादंबरीला कायमचे मुकले. समजा आईला त्या पानांत एकही चूक सापडली नसती, ती पाने निर्दोष, अगदी अजरामर असती, तरी मी बोललो ते असत्यच राहिले असते. शाळवाच्या चुकीने मला एवढेच दाखवले की, जिच्या वाट्यातून मी खर्च केला ती माझ्या कादंबरीच्या बाहेरची कोणी नव्हती. नैतिक चूक त्याआधीच झाली होती. तिला पुराव्याची गरज नव्हती.

आईने मला क्षमा केली काय? ती तसे शब्द वापरीत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना तिने डबा बांधून दिला आणि म्हणाली, "फुडच्या खेपेला रजा आसंल तर आसंल म्हन. नसंल तर नसंल म्हन." मी हिला कार्योत्तर मंजुरी समजत नाही. झालेल्या खर्चाचे तिने काहीच केले नाही. तो आक्षेप म्हणून शिल्लक आहे. तिने फक्त यापुढची पद्धत सांगितली.

त्या पद्धतीने सध्या चालले आहे. पहाटे पाच ते साडेसहा, आठवड्यातून चार दिवस, हा वेळ मी पत्नीला विचारून घेतला. तिनेही काही मागितले: रविवारची सारी सकाळ तिची. ती रवींद्रसंगीत शिकायला जाते. त्या वेळी मी स्वयंपाक करतो आणि मोटारींची चाके बसवतो. वही तेव्हा कपाटात असते, आणि शक्य तेवढे मनही. मन नेहमीच आत राहते असे नाही. पण ते बाहेर पडले की धाकट्याला कळते, आणि तो आता पूर्वीसारखा गप्प निघून जात नाही.

एकशे चौदापैकी एक्केचाळीस पाने बाद झाली. कादंबरी आता त्र्याहत्तर पानांची आहे. आरंभीचे प्रकरण मी पुन्हा लिहावयास घेतले आहे: शाळू रानात उभा आहे, आणि आठ वर्षांची एक मुलगी गोधडी घेऊन घराबाहेर येते आहे. ती पुढे काय करते हे आईला विचारावयाचे आहे. येत्या फाल्गुनात गावी जाण्यासाठी रजेचा अर्ज केला आहे. मंजूर झाला की तसे तिला कळवीन, आणि नामंजूर झाला तर तेही.